हैदराबादचे क्लोरोफॉर्म कमिशन आणि भुलेची सुरक्षितता

घरातल्या माणसावर शस्त्रक्रिया व्हायची असली म्हणजे रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसलेल्या नातलगांच्या मनात दोन प्रश्न असतात. एक प्रश्न ते शस्त्रवैद्याला उघडपणे विचारतात : 'ऑपरेशन नीट होईल ना?' दुसरा प्रश्न ते आपसांत, आवाज खाली आणून विचारतात : 'भुलेतून नीट उठेल ना?' आमच्या व्याख्यानाचा विषय हा दुसरा प्रश्न आहे. तो अडाणीपणाचा प्रश्न आहे असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः गेली पावणेदोनशे वर्षे वैद्यकशास्त्रातील थोरथोर माणसे हाच प्रश्न विचारीत आली, त्याच्या उत्तरावरून हातघाईवर आली, आणि त्या भांडणाचा एक मोठा फड आपल्या अगदी शेजारी, निजामाच्या हैदराबादेत रंगला. आजचा आपला मराठवाडा त्या काळी निजामाच्याच राज्यात मोडत होता. तेव्हा त्या फडासाठी जो पैसा खर्च झाला, त्यात मराठवाड्यातील शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्याचाही वाटा होता, हे ध्यानात ठेवून ही हकीकत ऐकावी.

आपल्या भाषेने या विद्येला मोठा मार्मिक शब्द दिला आहे. भूल म्हणजे शुद्ध हरपणे. पण जमाखर्चाच्या कागदाखाली आपण 'चूकभूल द्यावी घ्यावी' असे लिहितो, तेथे भूल म्हणजे नजरचूक. या विद्येचा इतिहास या दोन अर्थांच्या मधून चालत आला आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरी विल्यम मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने एका रोग्याला ईथरची वाफ हुंगविली, आणि डॉ. जॉन कॉलिन्स वॉरन यांनी त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्र चालविले. रोगी ओरडला नाही. यापूर्वी शस्त्रक्रिया म्हणजे काय होते याची आज कल्पनाही करवत नाही. चौघांनी रोग्याला दाबून धरावे आणि शस्त्रवैद्याने घड्याळाशी शर्यत लावून हातपाय कापावा, असा तो प्रकार. त्यामुळे बोस्टनची बातमी वणव्यासारखी पसरली. १८४७ सालीच कलकत्त्यास ईथरचा उपयोग झाला. त्याच वर्षीच्या ४ नोव्हेंबरला एडिंबरो येथील प्रसूतिवैद्य जेम्स यंग सिम्सन यांनी आपल्या दोघा सहकाऱ्यांसह रात्री जेवणाच्या मेजाभोवती बसून क्लोरोफॉर्म हुंगून पाहिला, आणि तिघेही मेजाखाली कलंडले. शुद्धीवर आल्यावर सिम्सन यांची खात्री पटली की, ईथरपेक्षा हे औषध सरस. त्याचा वास गोड, ते थोडक्यात काम करी, आणि ईथरप्रमाणे दिव्याच्या ज्योतीने भडकत नसे. हिंदुस्थानात तर त्याची सोय अधिकच. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसलाच उकळू लागतो. आपल्याकडील उन्हाळ्यात त्याची बाटली उघडावी तर निम्मे औषध हवेत जायचे. क्लोरोफॉर्मला उकळायला ६१ अंश लागतात. १८४८ च्या आरंभी तो कलकत्त्यास पोचला आणि पुढे पन्नाससाठ वर्षे या देशात भूल म्हणजे क्लोरोफॉर्म असे समीकरणच होऊन बसले.

परंतु सिम्सन यांच्या त्या रात्रीला तीन महिनेही झाले नव्हते तोच पहिला घाला पडला. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडातील न्यूकॅसलजवळच्या विन्लॅटन गावी हॅना ग्रीनर नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या पायाच्या अंगठ्याचे नख काढावयाचे होते. पूर्वी दुसऱ्या नखाच्या वेळी तिने ईथर घेतला होता आणि ती सुखरूप होती. या खेपेस ती फार भ्यालेली होती आणि रडत होती. डॉक्टरांनी कापडावर चमचाभर क्लोरोफॉर्म ओतून तिच्या नाकाशी धरला. नख काढण्यास आरंभ होतो न होतो तोच तिचा चेहरा पांढरा पडला. तोंडात ब्रँडी घातली, पाणी शिंपडले. दोनतीन मिनिटांत खेळ आटोपला. नखासारख्या क्षुल्लक गोष्टीसाठी एक धडधाकट मुलगी गेली! ती कशाने गेली? सिम्सन म्हणाले, क्लोरोफॉर्म निर्दोष आहे. तोंडात ओतलेल्या ब्रँडीने तिचा श्वास कोंडला. लंडनचे डॉ. जॉन स्नो म्हणाले, नव्हे. कापडावरून वाफ एकदम दाट गेली आणि तिने हृदयच थांबविले.

हे जॉन स्नो म्हणजेच १८५४ साली लंडनमधील ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखवून कॉलऱ्याचे मूळ पाण्यात आहे असे सांगणारे स्नो. पटकीच्या पाण्याचा त्यांनी जसा हिशोब मांडला तसाच क्लोरोफॉर्मच्या वाफेचाही मांडला. हवेत वाफेचे प्रमाण किती टक्के असता काय होते हे त्यांनी मोजले, आणि प्रमाण ताब्यात राहील असे यंत्र केले. १८५३ साली व्हिक्टोरिया राणीला बाळंतपणात त्यांनीच क्लोरोफॉर्म दिला. क्लोरोफॉर्मखाली दगावलेल्या पन्नास रोग्यांची हकीकत त्यांनी एकेक करून तपासली, आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर १८५८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आपल्या विद्येने केलेले मृत्यू स्वतः मोजत बसणारा वैद्य विरळा. म्हणून स्नो यांचे नाव आम्ही येथे आदराने घेतो.

स्नो गेले आणि वैद्यांत दोन तट पडले. एडिंबरोचे वैद्य म्हणत : रोग्याचा श्वास पाहा, नाडीकडे लक्ष देऊ नका, श्वास चालू असेतो हृदयाला भय नाही. लंडनचे वैद्य म्हणत : नाडीवरचे बोट काढू नका, हृदय आधी दगा देते. वाद दिसायला पंडिती, पण त्यावर प्राण अवलंबून होते. भूल देणाऱ्या माणसाला डोळे दोनच. त्याने पाहावे कोठे, हा तो प्रश्न होता.

एडिंबरोच्या पंथात वाढलेले डॉ. एडवर्ड लॉरी १८८०-९० च्या दशकात हैदराबादेस रेसिडेन्सी सर्जन आणि तेथील वैद्यकीय शाळेचे प्रमुख म्हणून काम पाहत होते. त्यांच्या हाताखाली हजारो रोग्यांना क्लोरोफॉर्म दिला गेला होता आणि तो निर्धोक आहे याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. इंग्लंडात मात्र क्लोरोफॉर्मखालील मृत्यूंच्या बातम्या येतच होत्या, आणि १८८० साली ग्लासगोच्या एका समितीने क्लोरोफॉर्म हृदयाला दुर्बल करतो असा निर्वाळाही दिला होता. लॉरी यांनी या मताला प्रयोगाने उत्तर द्यायचे ठरविले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने खर्च उचलला, आणि १८८८ साली पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसले. शंभराहून अधिक कुत्र्यांना क्लोरोफॉर्म देऊन ते मरेपर्यंत पाहणी केली गेली. निष्कर्ष निघाला : प्रत्येक वेळी श्वास आधी थांबतो, हृदय मागाहून.

लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाला हे पटले नाही. एवढ्या मोठ्या प्रश्नाचा निकाल हैदराबादेत कसा लागणार, असाही एक सूर त्यात होता. तेव्हा लॉरी यांनी मोठा डाव टाकला. निजाम सरकारने एक हजार पौंड देऊ केले आणि लॅन्सेटला कळविले की, तुमचाच माणूस पाठवा आणि त्याच्या डोळ्यांदेखत प्रयोग होऊ द्या. लॅन्सेटने सर टी. लॉडर ब्रंटन या नामांकित वैद्याला १८८९ च्या शरदात रवाना केले. ब्रंटन स्वतः क्लोरोफॉर्मपासून हृदयाला भय आहे असे मानणाऱ्यांपैकी. दुसऱ्या कमिशनात लॉरी, ब्रंटन, जेरल्ड बॉमफर्ड आणि रुस्तमजी हकीम असे चौघे बसले. कुत्रे, घोडे, माकडे, शेळ्या, मांजरे, ससे मिळून चारशेंहून अधिक प्राणी वापरले गेले. रक्तदाबाची रेघ कागदावर उमटवणारी यंत्रे लावली गेली. डिसेंबरात ब्रंटन यांनी लंडनला तार केली, तिचा आशय असा की, क्लोरोफॉर्मचे भय आहे ते श्वास कोंडण्याचे अथवा मात्रा अधिक होण्याचे. हृदयाला त्याच्यापासून थेट भय मुळीच नाही.

विरोधक म्हणून आलेला साक्षीदारच फिरला! हैदराबादेत केवढा आनंद झाला असेल याची कल्पना करावी. १८९० साली लॅन्सेटनेच तो अहवाल छापला. पाश्चात्त्य विद्येच्या भांडणात हिंदुस्थानातील एका शहराने न्यायनिवाडा दिला असे दृश्य दिसले. आम्हांस या गोष्टीचे कौतुक आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही. एका देशी संस्थानाने शास्त्रीय प्रश्नासाठी एवढा पैसा मोकळ्या हाताने द्यावा, आपल्या विरोधकालाच परीक्षक म्हणून बोलवावे, ही रीत आजही अनुकरणीय आहे.

मात्र निवाडा चुकीचा होता.

तो कसा चुकला हे समजावून घेण्यासारखे आहे. इंग्लंडातील रोगी कमिशनचा अहवाल वाचून मरायचे थांबले नाहीत. १८९३ साली केंब्रिजच्या गॅस्केल व शोअर या दोघा शास्त्रज्ञांनी निराळ्या युक्तीने प्रयोग करून क्लोरोफॉर्म हृदयावरही थेट परिणाम करतो असे दाखविले. पण खरे कोडे राहिलेच होते. हॅना ग्रीनरसारखी माणसे अगदी आरंभीच, थोड्याशा औषधात, पापणी लवावी इतक्या अवधीत का जातात? याचे उत्तर १९११ साली गुडमन लेव्ही या इंग्रज वैद्याने दिले. भूल हलकी असताना क्लोरोफॉर्म हृदयाला चिडखोर करून ठेवतो. त्याच वेळी रोगी भ्यालेला असला किंवा शस्त्राची वेदना त्याला जाणवली, तर त्याच्या शरीरात अॅड्रिनॅलिन हे द्रव्य रक्तात उसळते. चिडखोर हृदयावर अॅड्रिनॅलिनचा हा चाबूक बसला की हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे तंतू एकजुटीने आकुंचन पावण्याऐवजी जो तो आपापला थरथरू लागतो. मोटेचे बैल एका दिशेने ओढतील तर मोट वर येते. एकाने इकडे, दुसऱ्याने तिकडे ओढले तर दोर ताणतो, बैल दमतात, पाण्याचा थेंब वर येत नाही. तसे हे हृदय हलत असते, पण रक्त पुढे जात नाही. गंमत अशी की, माणसाच्या आकस्मिक मृत्यूमागे हृदयाची अशी थरथर असू शकते ही कल्पना स्कॉटलंडातील मॅकविल्यम यांनी नेमकी १८८९ सालीच, म्हणजे हैदराबादेत प्रयोग चालले असताना, मांडली होती. तिकडे कोणी फारसे पाहिले नाही.

हैदराबादेत ही गोष्ट का दिसली नाही? कारण तेथे प्राण्यांना बहुतांशी खोल भूल दिली जात होती. खोल भुलेत श्वास आधी थांबतो हे खरेच आहे. अपघात हलक्या भुलेत, भीतीत, पहिल्या मिनिटात होत होते. आणि ती स्थिती प्रयोगात आलीच नाही. कमिशनने जे पाहिले ते खोटे नव्हते. जे पाहिले नाही तेही घडत नाही, असे त्याने जाहीर केले, ही त्याची भूल. शेकडो प्राण्यांची साक्ष काढली तरी प्रश्नच जर आपल्या सोयीचा विचारला, तर उत्तरही सोयीचेच येते. अॅड्रिनॅलिन वेगळे काढले गेले ते विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. तेव्हा १८८९ साली लॉरी यांना ते ठाऊक नव्हते याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. दोष आहे तो त्यांच्या निःशंकपणाचा.

आणि तरीही, श्रोते हो, या प्रकरणाचा एक भाग खणखणीत आहे, तो विसरता कामा नये. कमिशनने भूल देणाऱ्यांसाठी नियम घालून दिले. रोग्याला आडवे निजवावे. छातीपोटावरचे कपडे सैल करावेत, म्हणजे श्वासाची हालचाल दिसेल. औषध उघड्या शंकूतून, हवेसह द्यावे. रोग्याला झटापट करू देऊ नये की श्वास रोखून धरू देऊ नये. श्वासाला अडथळा वाटताच खालचा जबडा पुढे उचलावा. आणि भूल देणाऱ्याने आपले सारे लक्ष रोग्याच्या श्वासावर ठेवावे. कापड नाकावर टाकून शस्त्रक्रियेची गंमत बघत उभा राहणारा कंपौंडर ज्या काळी सर्रास भूल देत असे, त्या काळी हा नियम क्रांतिकारक होता. लॉरी यांचा सिद्धांत पडला, पण त्यांची शिस्त टिकली.

या शिस्तीत तयार झालेल्या एका स्त्रीचे नाव महाराष्ट्राने तरी ऐकलेले असावे. डॉ. रूपाबाई फर्दूनजी या पारशी बाई हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत लॉरी यांच्या हाताखाली शिकल्या. १८८९ साली त्या शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या आणि पुढे वर्षानुवर्षे हैदराबादच्या रुग्णालयांतून क्लोरोफॉर्म देण्याचे काम त्यांनी केले. भूलशास्त्राला वाहून घेतलेल्या जगातील पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. १९०९ साली त्या अधिक अध्ययनासाठी एडिंबरोला गेल्या. तेथे पदार्थविज्ञान आणि रसायन शिकल्या. जे औषध आपण रोज हाताळतो त्याचे रसायन समजले पाहिजे, ही त्यांची जिज्ञासा. कमिशनच्या अहवालापेक्षाही हैदराबादची खरी देणगी म्हणजे रोग्याच्या शिरापाशी बसून दुसरे काही न करणारे असे माणूस, असे आम्ही म्हणतो.

आतापर्यंत आम्ही शस्त्रक्रियेच्या मेजावरील मृत्यूंविषयी बोललो. पण भुलेचा हिशोब मेजावर संपत नाही. १८९४ साली लंडनच्या लेनर्ड गथ्री यांनी काही मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, मूल जागे झाले, घरच्यांनी निःश्वास टाकला. आणि एकदोन दिवसांनी ओकाऱ्या, बरळणे सुरू होऊन मूल गेले. पुढे उलगडा झाला की, क्लोरोफॉर्म यकृताची नासाडी करू शकतो, आणि उपाशी, खंगलेल्या मुलांना हे भय अधिक. हैदराबादेत हा प्रश्नच कोणी विचारला नव्हता. कारण श्वास आधी की हृदय आधी, या वादात यकृताला जागाच नव्हती.

तोच पाठ पुढे पुन्हा गिरवावा लागला. १९५६ साली मँचेस्टरच्या मायकेल जॉन्स्टन यांनी हॅलोथेन हे नवे औषध वापरात आणले. ते न भडकणारे, सौम्य. पाहता पाहता त्याने ईथर-क्लोरोफॉर्मची गादी घेतली. मग काही रोग्यांना काविळ होऊन ते दगावल्याच्या वार्ता आल्या. यावेळी मात्र वैद्यांनी शहाणपणा दाखविला. अमेरिकेत ३४ रुग्णालयांतील सुमारे साडेआठ लाख भुलेच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि १९६६ साली अहवाल निघाला : एकंदरीत औषध सुरक्षित, परंतु फार क्वचित, विशेषतः थोड्या दिवसांत पुन्हा दिल्यास, यकृताला जबर इजा होऊ शकते. 'निर्दोष' किंवा 'विषारी' असा एका शब्दाचा निकाल न देता, किती जणांत एक, कोणाला आणि कोणत्या परिस्थितीत, असे सांगणारी ही भाषा जॉन स्नोची भाषा होती. ती पुन्हा रुळायला शंभर वर्षे लागली.

आपल्या सर्वांच्या अनुभवातली गोष्ट घेऊ. शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी राहायला सांगतात आणि म्हातारी माणसे कुरकुर करतात. कोणी प्रेमळ मावशी गुपचूप चहाबिस्कीट देते. हा नियम कोठून आला? १९४६ साली न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेल्सन यांनी ४४,०१६ बाळंतिणींच्या नोंदी चाळल्या, तेव्हा ६६ जणींच्या बाबतीत भुलेत असताना पोटातले पदार्थ उलटून श्वासनलिकेत गेल्याचे दिसले. दोघी घन अन्नाने गुदमरून गेल्या. एरवी घशात काही गेले की ठसका लागतो. भुलेत हा ठसक्याचा पहारेकरीही झोपलेला असतो. पोटातले आम्ल फुप्फुसात उतरले की ते फुप्फुस भाजून काढते. मावशीचा चहा हा असा जिवावर बेततो. दूध घातलेला चहा पोटाच्या दृष्टीने पाणी नव्हे. कोणते अन्न किती तास आधी बंद करायचे हे डॉक्टर सांगतील; पण चुकून काही खाल्ले असेल तर ते लपवू नये, एवढे प्रत्येक घराने शिकले पाहिजे.

आणखी एक हकीकत सांगतो, ती आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते. १९६० च्या सुमारास मेलबर्न येथे एका २१ वर्षांच्या तरुणाचा पाय मोडला. मोडलेल्या पायापेक्षा त्याला भुलेची धास्ती अधिक होती. तो सांगू लागला की, आमच्या नात्यातील दहा माणसे ईथर घेतल्यावर मेली. दुसऱ्या एखाद्या वैद्याने 'घाबरू नकोस' म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारली असती. तेथील डॉक्टरांनी त्याचे ऐकून घेतले, ईथर टाळला, हॅलोथेन दिला आणि डोळ्यांत तेल घालून पाहत राहिले. थोड्याच वेळात त्याची नाडी धावू लागली, अंग तापाने भाजू लागले. औषध तत्काळ बंद केले, बर्फ लावला, तरुण वाचला. पुढे त्याला कमरेतून सुई देऊन फक्त खालचा भाग बधिर करून उपचार झाले. डेनबरो आणि लव्हेल यांनी ही हकीकत १९६० साली लॅन्सेटमध्ये छापली, आणि भुलेने शरीर पेटवणारा एक आनुवंशिक दोष जगाला कळला. त्यावर डँट्रोलीन हे औषध गुणकारी आहे हे १९७५ साली दक्षिण आफ्रिकेत डुकरांवरील प्रयोगांत दिसले. दहा मृत्यूंचा अर्थ लागला तो एका घाबरलेल्या मुलाचे म्हणणे कोणीतरी खरे मानले म्हणून. हॅना ग्रीनरही घाबरलेलीच होती.

लहानसहान त्रासांचे काय? सर्वांगाच्या भुलेनंतर सुमारे तिघांत एकाला मळमळ किंवा ओकारी होते. हुडहुडी भरते, नळी घातल्याने घसा दुखतो. हे त्रास बहुधा दोनएक दिवसांत जातात. वृद्धांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट सांभाळायची असते. शस्त्रक्रियेनंतर आजोबा पहिल्यासारखे राहिले नाहीत, विसरतात, असे घरचे म्हणत. १९५५ साली बेडफर्ड या इंग्रज वैद्याने या तक्रारीला प्रथम शास्त्रात जागा दिली. १९९८ साली अनेक देशांत मिळून साठीच्या पुढील १,२१८ रोग्यांची पाहणी झाली. आठवड्याने चौघांत एकाची बुद्धी मंदावलेली आढळली. तीन महिन्यांनी हे प्रमाण दहांत एकावर आले. यात भुलेचा वाटा किती आणि शस्त्रक्रियेचा, आजाराचा, परक्या खाटेवरच्या जागरणाचा किती, याचा निवाडा अद्याप चालू आहे. तो घाईने होऊ नये, हे हैदराबाद आपल्याला शिकविते. तोवर म्हाताऱ्या माणसाला त्याचा चष्मा, श्रवणयंत्र आणि ओळखीचा चेहरा लवकर जवळ मिळावा, एवढे तर कोणालाही करता येते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ : भुलेतून नीट उठेल ना? आकडे आशादायक आहेत. अमेरिकेतील दहा रुग्णालयांत १९४८ ते १९५२ या काळात दिलेल्या सुमारे सहा लाख भुलेचा हिशोब बीचर आणि टॉड यांनी १९५४ साली मांडला. तेव्हा दर १,५६० रोग्यांत एका मृत्यूत भुलेचा हात होता. २०१२ साली जगभरच्या अभ्यासांची बेरीज प्रसिद्ध झाली. तीत केवळ भुलेने होणारे मृत्यू १९७० पूर्वी दर दहा लाखांत ३५७ होते, ते शतकअखेरीस ३४ वर आल्याचे दिसले. ही घट कोणा एका चमत्कारी औषधाने झाली नाही. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास शोधलेल्या तत्त्वावर बोटाला लावायचा चिमटा निघाला. तो रक्तातील प्राणवायू आणि नाडी दोन्ही एकदम सांगतो. श्वास पाहावा की नाडी, हे एडिंबरो-लंडनचे भांडण त्या चिमट्याने मिटविले. १९८६ साली हार्वर्डच्या रुग्णालयांनी नियम प्रसिद्ध केला की, भूल चालू असेतो भूल देणारा खोलीत हजर असलाच पाहिजे आणि रोग्यावर अखंड नजर असली पाहिजे. लॉरी हयात असते तर म्हणाले असते, मी दुसरे काय सांगत होतो!

परंतु याच पाहणीत असेही दिसले की, ही प्रगती श्रीमंत देशांत अधिक आणि गरीब देशांत कमी झाली. औषधे तीच, माणसाचे शरीर तेच. फरक पडतो तो चिमटा आहे की नाही, वीज आहे की नाही, आणि शिरापाशी बसणारे शिकलेले माणूस आहे की नाही यात. तेव्हा आपल्या गावातील रुग्णालयाची इमारत किती मजल्यांची आहे हे पाहण्यापूर्वी तेथे भूल कोण देतो, शस्त्रक्रियेनंतर रोगी पूर्ण शुद्धीवर येईतो त्याच्याजवळ कोण बसतो, हे नागरिकांनी विचारले पाहिजे. हा प्रश्न अविश्वासाचा नाही; चांगल्या भूलतज्ज्ञाला तो आवडतोच. आणि तो जेव्हा तुम्हांला विचारील की, पूर्वी भूल घेतली होती का, घरात कोणाला तिचा त्रास झाला होता का, कोणती औषधे चालू आहेत, शेवटचे काय खाल्ले, तेव्हा उत्तरे खरी आणि पुरी द्यावीत. त्या मेलबर्नच्या पोराने दिली, म्हणून तो जगला.